गोजराबाई मानाच्या पाटावर बसल्या त्याची हकीकत

आधी नमन चुलीस, जिच्या धुरात हा मजकूर शिजला. मग नमन मळाई देवीस. बाकीचे देव थोर आहेत, ते रागावणार नाहीत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र वद्य अष्टमी, ते दिवशी मळाईचे जत्रेत मानाच्या पानावरोन जो तंटा उभा राहिला, तो लेकीसुनांनी विचारला की, खरे काय जाहले ते लिहोन ठेवावे, पुरुष मंडळी दर खेपेस निराळेच सांगतात. त्याजवरोन लिहिले ऐसे जे. काना-मात्रा चुकला असेल, मजकूर चुकला नाही.

हे राज्य मोठे नव्हे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस डांबरी सडक, दक्षिणेस साखर कारखान्याची चिमणी आणि मध्ये मळाईचे देऊळ, इतकाच मुलूख. परंतु मानपानाचे कामी दिल्लीस हार जाणार नाही ऐसे मातबर. या राज्यात बायकांची चाल अलीकडे बहुत पालटली होती. कोणाची सून सरकारी लाल गाडी हाकी आणि घाटात मागोन कुरकुरणाऱ्या गड्यांस दम देई, कोणाची लेक पाखरासारखे यंत्र उडवोन उसावर फवारणी करी आणि बाप बांधावर उभा राहोन कौतुके बघे, आणि सरपंचकीची खुर्ची तर दोन खेपा बाईकडेच आली. हे सर्व मुत्सद्द्यांस चाले. मांडवात बसोन नारीशक्तीची भाषणे करीत, नारळ फोडीत, टाळ्या घेत. परंतु चैत्राची जत्रा आली आणि देवीपुढे पंगत पडली, की मग सरपंचीण असो वा फौजदारीण असो, तिने चुलीपाशी भाकऱ्या थापाव्या, आणि गडी जेवावे, मग पाव्हणे जेवावे, मग वाजंत्री जेवावे, मग पोरे जेवावी, आणि ऊन कलता बायांची पंगत बसावी. तोवर मटण संपलेले, रश्शास हाडकाचा वास तेवढा उरलेला, त्यात पाणी ओतोन उकळी देत आणि वर म्हणत, देवीचा प्रसाद आहे, नावे ठेवू नयेत. देवी मात्र पहिल्या पंगतीस नैवेद्य घेई. तीही बाईच आहे, हे कोणाचे ध्यानी आले नव्हते, की आले होते आणि कोणी बोलत नव्हते, ते तिचे तिला ठाऊक.

पंगतीच्या मर्यादा ऐशा होत्या. दीपमाळेखाली सागवानी पाट मांडिला जाई, तो मानाचा पाट, त्यापुढले पान ते मानाचे पान. गुरवाने मानकऱ्याच्या घराचे नाव पुकारावे आणि त्या घरच्या माणसाने पाटावर बसावे. त्याने पहिला घास घेतल्याखेरीज कोणी पानास हात लावू नये, तो उठल्याखेरीज कोणी उठू नये, आणि वाढलेल्या पानावरोन तर कोणी उठूच नये, कोणास उठवूही नये. अन्नावरोन उठला त्याचा त्या सालचा मान गेला, ऐसे वाडवडिलांनी घालोन दिलेले. हा पाट थोरल्या घराचा, आणि थोरल्या घरचे धनी रंगराव, त्यांची बायको गोजराबाई. रंगरावांस पोरगा नव्हता. एक कन्या, मंजुळा, ती शिकोन फौजदार जाहली आणि परजिल्ह्यात चौकी सांभाळी. धाकट्या घरी रंगरावांची भावजय द्वारकाबाई आणि तिचा लेक संपतराव. संपतरावांचे कर्तृत्व म्हणजे मिशा, मोटारसायकल आणि चौकात स्वतःच्याच वाढदिवसाचे फलक.

ऐसे असता रंगरावांस अर्धांगवायू जाहला आणि ते खाटेस खिळले. पुढे कित्येक जत्रा ते देवळापर्यंत आलेच नाहीत. तेव्हां मुत्सद्द्यांनी मसलत करोन तोड काढिली की, धन्याचे मुंडासे पाटावर ठेवावे आणि त्यापुढे पान वाढावे. मग दर साली गोजराबाईंनी चोळोन धुतलेले भगवे मुंडासे ताटात घालोन आणावे, पाटावर ठेवावे, आपण चार हात मागे उभे राहावे, आणि गडी मुंडाशाच्या शेजारी मांडी घालोन बसावे. मुंडाशापुढे मटण वाढीत, भात वाढीत, वर लिंबाची फोड ठेवीत आणि रीतीप्रमाणे हात जोडोन म्हणत की, सावकाश होऊ द्या. मुंडाशास. शीत मुंडाशास लाविले की घास जाहला आणि पान उचलले की मानकरी उठला, ऐसे धरीत. चुलीपाशी बाया पदरात तोंड घालोन हसत, त्यांत द्वारकाबाई सर्वांत आधी. गोजराबाई हसत नसत. त्या ते पान झाकोन घरी नेत, रंगरावांस घास घास भरवीत, आणि मग माघारी येवोन शेवटच्या पंगतीस पातळ पाणी पीत.

मग क्रोधी संवत्सर लागायचे आधी, माघात, रंगराव मळाईचरणी लीन जाहले. दिवस सरले न सरले तो मुत्सद्दी ओसरीवर आले, म्हातारे म्हादबा नाना पुढे, संपतराव मागे, आणि चहा पिवोन झाल्यावर मुद्दा काढिला की, थोरल्या घरास आता पुरुष नाही, तेव्हां घर बुडाले ऐसे गुरवाने जत्रेत पुकारावे, आणि मान धाकट्या घरी जावा, आणि वहिनींनी मुंडासे संपतरावांचे हवाली करावे. गोजराबाई चुलीपुढे होत्या. घर बुडाले हा शब्द कानी पडला आणि त्यांच्या हातातली फुंकणी हातातच राहिली. नवरा गेला त्याचे दुःख त्यांनी गिळले होते, जित्या माणसांचे घर कोणी बुडाले म्हणते हे गिळवेना. त्या उंबऱ्यात आल्या आणि म्हणाल्या,

"मी हाय. माझी लेक हाय. चूल पेटती हाय, तिच्यावरचा चहा आत्ताच तुम्ही पिलात. बुडालं ते काय?"

म्हादबा नाना बिचारे नरमाईने बोलले की, सूनबाई, तसे नव्हे, बाईमाणसाने मानाच्या पाटावर बसणे हे कधी जाहले नाही. गोजराबाई म्हणाल्या, "मुंडासं बसलेलं चाललं. त्याला ना तोंड ना पोट. त्याच्यापुढं हात जोडून सावकाश होऊ द्या म्हणत होतात. आणि त्याला धुणारी, वाळवणारी, डोक्यावरनं वाहून आणणारी बाई तेवढी चालत न्हाई."  संपतराव बोलले की, काकी, रीत ती रीत. मग गोजराबाई आत गेल्या आणि मुंडासे आणोन संपतरावांच्या हाती दिले. मुत्सद्दी संतोष पावले. बाई समजूतदार आहे म्हणाले. बाया मात्र ओळखोन होत्या की, गोजराबाई समजूतदार होणे म्हणजे मांजरीने डोळे मिटणे, पुढे उंदराचे काही खरे नाही.

हे वर्तमान मंजुळाबाईंस फोनवरोन कळले आणि त्या संतापल्या. म्हणाल्या, आई, वाळीत टाकणे, मान काढणे, याला कायदा आहे, मी माणसे घेवोन येते, एकेकाचा जबाब घेते. गोजराबाई म्हणाल्या, "कायद्यानं पान मिळंल गं. वाढणारा हात न्हाई मिळायचा. तू जत्रेला ये, पण वर्दी घरी ठेव. भाकऱ्या थापायला बस, लई दिस झाले तुझ्या हातची गोल भाकरी बघून." मंजुळाबाईंच्या भाकरीस तीन कोपरे निघत हे सर्व राज्यास ठाऊक होते, तेव्हां यात आईची काही मसलत आहे हे त्या समजल्या.

अष्टमी उजाडली. ओढ्याकाठी चुली पेटल्या, रात्रीच्या वाटणाचे वास सुटले, आणि सूर्य माथ्यावर येता देवळापुढे पंगत मांडली. संपतरावांची स्वारी आली ती कशी म्हणाल, तर अंगात रेशमी सदरा, गळ्यात साखळी, माथ्यास रंगरावांचे मुंडासे, आणि मागे चार मित्र मोबाइल धरोन. पाटावर बसण्याआधी मुंडाशासह छबी काढावी ऐसे मनी आले. एक दीपमाळेशी काढिली, एक कमानीशी काढिली, मग मित्र म्हणाले की ऊन डोळ्यांवर येते, कळसाकडे फिरा, आणि स्वारी कळसाकडे फिरली. इतक्यात गुरवाने पुकारा केला. घर बुडाले म्हणायचे ठरले होते, परंतु गुरवाची जीभ वडिलार्जित, ती सवयीने वळली आणि म्हणाली, थोरल्या घरचे मानकरी पानावर यावे. चुलीपासोन गोजराबाई उठल्या, पीठ झाडले, हात धुतले, पदर खोचला, आणि दीपमाळेखाली जावोन सागवानी पाटावर मांडी घालोन बसल्या. ना मुंडासे, ना कोणाचा आडोसा. मोकळ्या कपाळाने. त्यांचा गुडघा दुखत होता. परंतु बसल्या ते दीपमाळच रोविली जैसी.

मोठा हलकल्लोळ जाहला. गडी उभे राहिले, कोणी म्हणे आक्रीत, कोणी म्हणे कलियुग. संपतराव धावत आले ते मुंडासे एका कानावर. म्हणाले, काकी, उठा, ही जागा माझी. गोजराबाई म्हणाल्या, "पुकारलं तवा तू फोटू काढत होतास." आता हात धरोन उठवावे, तर देवीपुढे, सगळ्या राज्यासमोर, विधवा चुलतीस हात लावायचा, ती छाती कोणाजवळ नव्हती. तेव्हां संपतरावांनी मसलत केली, आणि राज्ये बुडतात ती ऐशाच मसलतींनी. शेजारच्या जागी, जिथे त्यांचे वडील बसत, तिथे रागाने बसले आणि वाढप्यांस हुकूम केला की, सगळ्या पंगतीस वाढा, फक्त मानाचे पान कोरडे ठेवा. बाईमाणूस आहे, एवढ्या गड्यांत रिकाम्या पानापुढे बसेल तर लाजेने आपोआप उठेल. वाढपी पोरे आज्ञेची ताबेदार. भराभर बादल्या फिरल्या, भाकरी पडली, मटण पडले, भात पडला, सर्व पाने भरली, संपतरावांचेही भरले. एक मानाचे पान कोरडे राहिले. गुरवाने श्लोक म्हटला, जयजयकार जाहला, आणि मग सर्व गड्यांनी हात पुढे केले ते तसेच वर राहिले.

कारण मानाच्या पानाने घास घेतल्याखेरीज कोणी खावयाचे नाही. मानाच्या पानावर घासच नाही. आणि भरल्या पानावरोन उठावयाचेही नाही. ऐसा सर्व फौजेस आपणच आपला वेढा पडला.

गोजराबाईंस हे ध्यानी आले. त्यांनी पदराने वारा घेतला आणि शांत बसल्या. ऊन तापू लागले. रश्शावर तेलाचा तवंग होता त्याची साय धरली. भाकऱ्यांचे पापड जाहले. माशा आल्या, त्यांस मर्यादा नसल्याने त्या जेवल्या. कावळे कमानीवर ओळीने बसले. एका पाव्हण्यास लघवीस लागली, तो मांडी बदलोन बदलोन रडकुंडीस आला. वाढपी बादली घेवोन संपतरावांच्या तोंडाकडे पाहत, आणि संपतराव मान हलवीत की, नाही. चुलीपाशी बाया प्रथम भ्याल्या होत्या, मग एकीने म्हटले, कसं वाटतं म्हणावं वाट बघताना, दुसरी म्हणाली, आपण संध्याकाळपर्यंत बघतो, यांना तासात घाम फुटला, आणि मंजुळाबाई तीन कोपऱ्यांची भाकरी उलटीत बोलल्या की, आई म्हणाली वर्दी आणू नको, म्हणोन गप्प आहे, नाहीतर ही जमावबंदी मला जन्मात जमली नसती.

याप्रमाणे वेढा चालला असता म्हादबा नाना डळमळू लागले. नानांस साखरेचा आजार, जेवणाआधी सुई टोचोन घेतलेली, वर अन्न नाही, तेव्हां हात कापू लागले आणि डोळे फिरले. गडी नुसते पाहू लागले, कारण उठता येईना. गोजराबाईंच्या हाताशी, दीपमाळेच्या पायथ्यास, नैवेद्याचे ताट होते, त्यात गूळ होता. त्यांनी खडा घेतला, बसल्या जागेवरोन हात लांब करोन नानांच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, चावा, हे पान न्हवं, औषध हाय. नाना चावले, डोळे जागी आले, आणि मग त्यांनी संपतरावांकडे पाहिले. म्हणाले, "पोरा, तुझ्या चुलत्याच्या फडक्याशेजारी मी इतकी वर्सं जेवलो. फडक्यानं मला कधी गूळ दिला नव्हता. वाढ तिला." संपतराव म्हणाले की, नाना, तुम्ही मध्ये पडू नका. म्हणाले खरे, परंतु आवाज चिरका निघाला.

तेव्हां संपतरावांनी शेवटची तोड काढिली. वकील पाठवावा. वकील कोण, तर खासा त्यांची मातुश्री द्वारकाबाई. सांगोन पाठविले की, आई, तू जाऊ आहेस, तू समजाव आणि उठव. द्वारकाबाई चुलीपासोन उठल्या. मान आपल्या घरी येणार म्हणोन त्यांनी सगळ्या गावास आधीच सांगोन ठेविले होते, आणि गोजराबाईंशी त्यांचे लग्नापासोन उभे वैर, पाटावरोन, पाट्यावरोन, पोरावरोन. बाया पुढे सरोन पाहू लागल्या. द्वारकाबाई पंगतीच्या मधोमध चालत आल्या, भाकरीच्या पिठाने हात कोपरापर्यंत पांढरे, आणि पाटासमोर उकिडव्या बसल्या.

"अक्का, उठा. माझ्या पोराची शोभा होतीय."

गोजराबाईंनी तिच्याकडे पाहिले. भांडायचे चार शब्द जिभेवर आले होते, ते मागे घेतले. हळूच म्हणाल्या, "द्वारके, तू या जत्रेत गरम भाकरी कधी खाल्लीस?"

द्वारकाबाई मनात एकेक जत्रा मोजू लागल्या. नवी नवरी होवोन आल्या तेव्हांची पहिली जत्रा आठवली, पोट पुढे घेवोन भाकऱ्या थापल्या आणि संपत पोटात लाथा मारीत होता ती जत्रा आठवली, नवरा वारल्यानंतरची आठवली. गरम भाकरी त्यांत एकही नव्हती. त्यांनी आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिले, मग त्या उठल्या नाहीत, बूड टेकोन खाली मांडी घातली, गोजराबाईंच्या डाव्या अंगास, जमिनीवर. वकील फितूर जाहला.

"संपत," त्या म्हणाल्या, "मला पान घाल."

संपतराव बसल्या जागी घामाघूम जाहले. म्हणाले की, आई, मी कसा उठू, पान भरले आहे, उठलो तर मान गेला. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुला नऊ म्हैने मी उपाशी बसून वाढवला. आता तू मला वाढ. मान जातोय तर जाऊ दे, आई बसलीय हितं."

ते ऐकोन पाव्हणा आपली लघवीही विसरला. संपतराव एकदा गड्यांकडे पाहत, एकदा आईकडे. गडी खाली बघू लागले, कारण प्रत्येकाची आई वा बायको तिकडे चुलीपाशी उभी होती आणि तिचे डोळे त्याच्याच पाठीवर होते. मग संपतराव उठले. भरल्या पानावरोन उठले, सर्व राज्याने पाहिले. मुंडासे काढोन खांद्यावर टाकिले, आईपुढे पान घातले, पोराच्या हातची बादली घेतली आणि आधी मानाचे पान वाढले, मटण वाढले, कलेजी निवडोन वर ठेविली, मग आईस वाढले. वाढोन जाहल्यावर रीतीने हात जोडायचे असतात ते जोडले. खाकरले, आणि म्हणाले, "काकी, आई, सावकाश होऊ द्या."

गोजराबाई इतकी वर्षे त्या पाटामागे उभ्या राहिल्या होत्या, हे शब्द मुंडाशास ऐकवीत. आपणास कोणी म्हटले तर कसे लागते हे त्यांस ठाऊक नव्हते. डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी कोणास दिसू दिले नाही, रस्सा तिखट आहे म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.

फौज तुटोन पडली. नाना तर मध्ये मानही वर करीनात. थंड मटण, पापड जाहलेली भाकरी, परंतु भुकेल्यास सर्व गोड. घटकेत सर्व पाने लख्ख जाहली आणि गडी हात धुवावे म्हणोन बुडे उचलू लागले, तो म्हादबा नाना म्हणाले, बसा. मानाचे पान अजोन उठले नाही. सर्वांनी पाहिले. गोजराबाईंनी चौथा का पाचवा घास घेतला होता आणि एक हाड हाती धरोन ते निवांत चोखीत होत्या. मग त्या चुलीकडे वळोन म्हणाल्या की, बायांनो, या की, तव्यावरची भाकरी घेवोनच या, जागा आहे. बाया एकमेकींस ढकलू लागल्या, आधी मंजुळाबाई आल्या, मग लाल गाडी हाकणारी आली, मग सरपंचीण आली, तिचा नवरा समोरच बसला होता, तो वर पाहीना, मग सगळ्याच आल्या. समोर दुसरी ओळ पडली. वाढपी पोरे धावली, संपतराव बादली घेवोन सर्वांच्या आधी, आणि पातेल्याच्या तळाशी नव्हे, वरचे, हाडामांसाचे, जाड रश्शाचे. गडी बसोन राहिले. हातांवरचा रस्सा वाळोन साल निघू लागली. एक म्हणाला, वहिनी, आवरा की. गोजराबाई म्हणाल्या, "संपतनं सांगितलंय, सावकाश. मोठ्यांचा शब्द न्हाई, पण पोराचा तरी राखावा." आणि आणखी भात मागितला.

तात्पर्य, ऐसा तंटा मिटला. पुढील चैत्री गुरवाने थोरले घर पुकारिले आणि बुडाले हा शब्द कोणी काढिला नाही. संपतराव उत्तम वाढपी निघाले, वाढपाचे मुख्य जाहले, मिशा त्याच. द्वारकाबाई आणि गोजराबाईंचे वैर पूर्ववत चालू आहे, पाट्यावरोन आणि पाटावरोन, परंतु जत्रेत त्या शेजारी बसतात, आणि कलेजी कोणाच्या पानात जास्त पडली यावरोन भांडतात. गोजराबाईंमागे पाटावर मंजुळा बसेल हे ठरले आहे, ज्यास हरकत असेल त्याने येवोन तिला सांगावे. बायांची शेवटची पंगत या राज्यात आता पडत नाही. कोणास हे खोटे वाटेल तर त्याने खुशाल चैत्रात यावे, पंगतीस बसवू, पोटभर वाढू. फक्त बाया उठेतोवर हात वाळवीत बसावे लागेल, हे आधीच कळविले आहे.